ॲमेझॉन म्हणजे ऑक्सिजनची टाकी नव्हे

‘ॲमेझॉन ही पृथ्वीची फुप्फुसे. जगाचा 20 टक्के ऑक्सिजन तिथून येतो. झाडे कुठेही लावा, तापमान उतरणारच.’ दक्षिण अमेरिकेतल्या या जंगलात वणवे पेटले की हा मजकूर फिरू लागतो. हेतू चांगला आहे, माहिती मात्र चुकीची.

‘फुप्फुसे’: फुप्फुसे ऑक्सिजन घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. उपमाच उलटी पडली.

‘20 टक्के ऑक्सिजन’: पाने दिवसा ऑक्सिजन सोडतात, हे खरे. पण झाड रात्रंदिवस श्वसनही करते. गळलेले पान बुरशी आणि जिवाणू कुजवतात, त्यातही ऑक्सिजन खर्च होतो. किलोभर वाळलेल्या लाकडात साधारण अर्धा किलो कार्बन असतो. ते जळो वा पूर्ण कुजो, सुमारे 1.8 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत परत जातो. त्यामुळे जुन्या जंगलाचा जमाखर्च जवळपास शून्यावर येतो. शिल्लक उरते ती न कुजता गाळाखाली गाडल्या गेलेल्या भागाची. हवेतला 21 टक्के ऑक्सिजन असाच, मुख्यतः समुद्रतळाच्या गाळामुळे, कोट्यवधी वर्षांत साचला. जंगल जळाल्याने कुणी गुदमरणार नाही. धोका आहे तो सुटणाऱ्या कार्बनचा आणि आटणाऱ्या पावसाचा.

वनस्पतींनी हवामान खरोखर बदलले, पण वेगळ्या वाटेने. सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वी खोल मुळांची झाडे पसरली. मुळांच्या आम्लांनी खडक झिजण्याचा वेग वाढला. त्या झिजेत हवेतला कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेट होऊन समुद्रात जातो आणि तिथे चुनखडी बनून बसतो. पुढे कार्बनी युगात दलदलीत बुडालेल्या झाडांचा दगडी कोळसा झाला. हवेतला कार्बन घटला आणि दक्षिणेकडच्या भूभागावर हिमनद्या पसरल्या. आज आपण तोच कोळसा काढून जाळतो आहोत.

‘कुठेही लावा’: इथे खरे नुकसान होते. ताजे बर्फ 80 टक्क्यांहून जास्त ऊन परतवते. त्यावर गडद सूचिपर्णी झाडे उभी राहिली की तेच ऊन शोषले जाते आणि प्रदेश तापू शकतो. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पाल्याचे थर साचलेल्या, दलदलीत तर झाडे जगावीत म्हणून आधी चर खणून पाणी काढतात. मग हवा आत शिरते आणि हजारो वर्षे पाण्याखाली टिकलेला पाला कुजायला लागतो. रोपे वाढताना जेवढा कार्बन धरतात, त्याहून जास्त खालून निसटू शकतो. अशा जागी चर बुजवून पाणी पुन्हा पृष्ठभागापर्यंत चढू द्यावे लागते.