रेंज गावली काय रे?

मुंबईहून कोकण रेल्वेने येताना रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटर लांब. गाडी कितीही पळाली तरी चार-पाच मिनिटं काळोख, आणि रेंज नाही. तेवढ्या वेळात डब्यात काय चालतं ते बघण्यासारखं असतं. भूक लागलेला वडा खातो, झोप आलेला झोपतो, आणि बाकी सगळे स्क्रीनवर गोल गोल फिरणाऱ्या चकतीकडे टक लावून बसतात. एखादा फोन खिडकीच्या गजाला टेकवून धरतो, बोगद्याच्या कातळातून रेंज पाझरेल म्हणून. इंटरनेटच्या व्यसनाची इतकी स्वस्त तपासणी कुठल्याही दवाखान्यात होत नाही. जनरलच्या तिकिटात उरकते.

घाटावरची मंडळी आम्हाला विचारतात, "तुमच्याकडे रेंजच नसते, तुम्हाला कसलं आलंय व्यसन?" इथे गणितच उलटं मांडलेलं आहे. बी. एफ. स्किनर नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी पेटीत कबुतरं ठेवली. चोच मारली की प्रत्येक वेळी दाणा मिळत असेल, तर कबुतर भुकेपुरती चोच मारतं आणि गप्प बसतं. पण दाणा कधी तिसऱ्या चोचीला, कधी तिसाव्या, असा बेभरवशाचा ठेवला की ते टोचतच राहतं. दाणे बंद केले तरी कितीतरी वेळ टोचतं. आता आमचं घर बघा. जांभ्याच्या जाड भिंती, मागे डोंगर, टॉवर खाडीपलीकडे. माजघरात शून्य, विहिरीच्या काठावर एक कांडी, गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, चढून उभं राहिलं तर दोन. मेसेज येतात तेव्हा सतरा एकदम, नाहीतर दुपारभर एकही नाही.

"रेंज गावली काय रे?"

"गावल्ली, आता गेली."

आणि माणूस पुन्हा गडग्यावर. स्किनर कोकणात आले असते तर कबुतरांचा खर्च वाचला असता.

पूर्ण रेंज असलेल्यांनी हुरळून जाऊ नये. त्यांचा बेभरवसा आत, खुद्द ॲपमध्येच भरलेला असतो. नऊ रील फालतू आणि दहावी झकास, पण दहावी कधी येईल ते सांगत नाहीत. मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन हे मिळाल्याच्या सुखापेक्षा 'आता मिळेल' या आशेला जास्त बांधलेलं असतं. म्हणून तासभर बघून कुणी तृप्त होऊन उठत नाही. भर म्हणून शेवटही काढून टाकलेला आहे. २००६ साली अझा रास्किन या सॉफ्टवेअर डिझायनरने खाली सरकवत राहिलं तरी न संपणारं पान तयार केलं आणि पुढे त्याचा जाहीर पश्चात्तापही केला. आमच्या गजाली, म्हणजे गप्पा, काही कमी लांबायच्या नाहीत, पण कुणाच्या तरी घरून जेवायला हाक यायची, किंवा समोरच्याकडची बातमी संपायची. मोबाईलवरच्या गजालीला ना घर ना जेवण.

या आजाराचं बारसं थट्टेत झालं. १९९५ मध्ये न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ इव्हान गोल्डबर्ग यांनी जाडजूड वैद्यकीय पुस्तकांची टर उडवायला 'इंटरनेट ॲडिक्शन डिसऑर्डर' नावाचा खोटा आजार लिहिला. बोटं आपोआप टाइप केल्यासारखी हलणं हे त्यातलं एक लक्षण. लोकांनी ते वाचलं आणि हसायचं सोडून "डॉक्टर, हे मला आहे" म्हणायला सुरुवात केली. पुढे मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी विषय गांभीर्याने घेऊन वीस प्रश्नांची चाचणी बनवली. प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण. ५० च्या वर गेलात तर अधूनमधून किंवा वारंवार अडचणी, ८० च्या वर तर प्रकरण गंभीर. शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच कमी मार्क मिळावेत म्हणून देव पाण्यात ठेवायची ही वेळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत १ जानेवारी २०२२ पासून आहे तो मात्र 'गेमिंग डिसऑर्डर', म्हणजे खेळांपुरता. त्याच्या खुणा तीन. आवर राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी तेच, आणि नुकसान दिसत असूनही चालूच. हे साधारण वर्षभर टिकलेलं. यात तास किती ते कुठेही नाही, आणि ते मला पटतं. एप्रिलमध्ये हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डरी घेणारा बागायतदार दिवसभर फोनवर असतो, तो व्यसनी नव्हे. चुलीवरचं तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं करपल्याचा वास येऊनही "हा एवढा संपू दे" म्हणणारा, तो.

उपायाला लागायच्या आधी सात दिवस नुसतं मोजावं. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग', आयफोनवर 'स्क्रीन टाइम'. तासांचा आकडा दिसला की माणूस वकील होतो: "त्यात मॅप चालू होता", "ते भजन लावलं होतं". म्हणून तास सोडा, फोन किती वेळा उघडला तो आकडा घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी लिहा. सोबत एक शब्द, उघडण्याच्या आधी काय चाललं होतं त्याचा. बहुतेक ठिकाणी 'वाट बघत होतो' निघतं. एसटीची, फेरीबोटीची, गॅसच्या सिलिंडरची, लाईट यायची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. जाळी दुरुस्त करून झाली की खलाशी समुद्राची वाट बघतात आणि मोबाईल त्यांची.

मग अडथळे घालायला घ्यावेत. मनोनिग्रहाच्या भरवशावर राहू नये, तो रात्री साडेनऊला झोपतो. नोटिफिकेशन फक्त माणसांची आणि बँकेची ठेवावी, पावसाळ्यात हवामानाच्या इशाऱ्यांचीही. व्हॉट्सॲपचे ग्रुप 'ऑलवेज' म्यूट करून अर्काइव्हमध्ये ढकलावेत. आठ तासांचं म्यूट घेऊ नये, ते नेमकं जेवणाच्या वेळी संपतं. यूट्यूबची वॉच हिस्टरी पुसून बंद केली की पहिलं पान जवळजवळ रिकामं होतं, आणि शोधल्याशिवाय काही मिळत नाही. हा उपाय मला सगळ्यांत आवडतो, कारण काय शोधायचं हेच पुष्कळांना सुचत नाही. ज्या ॲपचा त्रास जास्त ते काढून टाकून ब्राउझरमधून वापरावं, प्रत्येक वेळी लॉगआउट करावं, आणि लांबलचक पासवर्ड कागदावर लिहून माजघरातल्या फडताळात ठेवावा. उठून आत जायचं, कागद शोधायचा, चष्मा शोधायचा. तोवर अर्धी हौस फिटते.

ॲप टायमरचं एवढं कौतुक करू नये. अर्ध्या तासाचा लावला तर अर्ध्या तासाने ॲप बंद होतं खरं, पण दोन टिचक्यांत टायमर काढताही येतो. दुसरी गोम अशी की मोजणी मध्यरात्री शून्यावर येते. म्हणजे बारा वाजेपर्यंत जागा राहिलेल्याला बारा वाजून एक मिनिटाने ताजा अर्धा तास बक्षीस. टायमर लावायचाच तर त्याबरोबर झोपेचा मोड लावावा, रात्री नऊला स्क्रीन आपोआप राखाडी करणारा. राखाडी सुरमई बघून कुणाच्या तोंडाला पाणी सुटत नाही. दिवसा मात्र राखाडी टिकत नाही. गिऱ्हाइकाला आंब्याचा रंग दाखवायला बंद करावं लागतं, आणि बंद केलेलं परत चालू करायचं राहतं.

चार्जिंग ओटीवर, उशाशी नाही. गजरासाठी साधं घड्याळ आणावं, नाहीतर 'गजरासाठी' म्हणून फोन सन्मानाने अंथरुणात परत येतो. "रात्री मुंबईहून काही वाईट फोन आला तर?" ही शंका घरातली सगळ्यांत मोठी माणसं काढतात आणि ती रास्त आहे. 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये नेहमीच्या नंबरांना मोकळीक देता येते. शिवाय पुन्हा पुन्हा येणाऱ्या कॉलची सोय चालू ठेवली, तर अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत आणि आयफोनवर तीन मिनिटांत त्याच नंबरचा दुसरा कॉल वाजतो. रिंग तेवढी मोठी ठेवावी. विजा कडाडत असतील तर प्लग काढावा, सकाळी बॅटरी बारा टक्के दिसली तरी चालेल.

सोडलेल्या जागी काय आणायचं, हा खरा प्रश्न. वाचन, चालणं, ध्यान ही उत्तरं बरोबर आहेत, पण वाचताना फोन शेजारीच असतो, चालताना खिशात, आणि ध्यान तर लोक फोनवरच करतात. हात अडकतील असं काम हवं, आणि त्यासाठी फणसाला तोड नाही. रसाळ-कापा वाद इथे गौण, चीक दोघांनाही आहे. अंगणात पोत्यावर बसावं, हाताला आणि कोयत्याला खोबरेल चोपडावं, फणस उभा चिरून चार खांडं करावीत, मधली पाव, म्हणजे दांडा, काढावी आणि गरे सोडवत, आठळा वेगळ्या टाकत जावं. एक मोठा फणस म्हणजे तास-सव्वा तास. तेवढ्यात फोन वाजला तरी तेलकट, चिकट बोट फिंगरप्रिंटला ओळख दाखवत नाही, आणि जबरदस्ती केलीच तर चीक स्क्रीनवर असा बसतो की पुढचा तास पुन्हा खोबरेल लावून पुसण्यात जातो. मोसम संपल्यावर मासे साफ करणं, नारळ सोलणं, सुपारी फोडणं. कोलंबी सोलायला घेतलेल्या माणसाने तेवढ्यात रील बघितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

पहिले काही दिवस चिडचिड वाढते. दाणा बंद झाला की कबुतरही आधी जोरात टोचतं, मग सोडतं. तलफ आली की तिच्याशी झुंजू नये. ॲलन मार्लाट हे मानसशास्त्रज्ञ तिला लाटेसारखं बघायला सांगायचे. चढते, फुटते, उतरते. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. किनाऱ्यावरच्या माणसाला हे निराळं शिकवायला नको.

घरातली भांडणं बहुधा एकाच चुकीतून निघतात. बाप पोराचा फोन काढून घेतो आणि त्याच झोपाळ्यावर बसून स्वतः आवाज मोठा करून रील लावतो. मग आई दोघांवर एकदम ओरडते: "मेल्यांनो, आधी जेवा, मगे काय ता बघा." नियम असेल तर सगळ्यांना, रोज पहाटे सूर्योदयाचं 'शुभ सकाळ' धाडणाऱ्या आजोबांनाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास सगळे फोन आणि टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली. आमच्याकडे भोंग्याचं काम लाईट जाऊन होतंच, फक्त वेळ ठरलेली नसते. गणपतीत चाकरमानी आल्यावर हा नियम मोडणार हे धरून चालावं. पाचव्या किंवा सातव्या दिवशी विसर्जन झालं, गाड्या परतल्या, की पुन्हा कॅलेंडरवर आकडे लिहायला घ्यावेत.

झोप उडालीय, शाळा किंवा काम बुडतंय, ऑनलाइन खेळात पैसे जातायत, कर्जाची ॲपं फोनवर आलीत, तर मात्र फणसाने भागणार नाही. अनेकदा मुळाशी नैराश्य किंवा भीती असते आणि फोन हा वरचा फोड असतो. टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून खास याच त्रासासाठी क्लिनिक आहे.

काही फोन काढून घेऊच नयेत. आठ खोल्यांच्या घरात एकटी राहणारी म्हातारी माणसं कोकणात वाडीवाडीला आहेत. मुलं मुंबईत, शेजारचं घर कुलपात, आणि रात्री अकराला माजघरात कुणाचा तरी आवाज हवा म्हणून यूट्यूबवर कीर्तन चालू. तिथे टायमर लावायला जाऊ नये. आठवड्यातून एक वेळ ठरवून व्हिडिओ कॉल करावा, रविवारी अकराच्या सुमाराला, मासे साफ करून झाल्यावर आणि भात चढायच्या आधी. बोलताना आपला फोन एका जागी टेकवून ठेवावा आणि वर येणाऱ्या मेसेजकडे बघू नये. त्यांना ऐकू कमी येत असेल, पण समोरच्याचे डोळे कुठे गेले ते बरोबर दिसतं.