डिकी रिकामी करा

माझ्या गाडीच्या डिकीत डाव्या पायाची एकच चप्पल आहे. ही गोष्ट आजवर माझ्यात आणि त्या चपलेत होती. आता ती सर्व्हिस सेंटरात बसलेल्या यच्चयावत लोकांना ठाऊक झाली आहे आणि एका आजींनी तर त्यावरून माझी उलटतपासणीही घेतली. निमित्त काय, तर गाडीची पुढची काच बदलायची होती.

काच कशी फुटली त्यात काही विशेष नाही. पुढे डंपर, डंपरमधून खडा, ‘टक्’ असा आवाज. नखाएवढा टवका उडाला. एवढ्याशा टवक्यात रेझिन भरून भागतं, पण हा पडला होता नेमका मधल्या आरशामागच्या कॅमेऱ्यासमोर आणि तिथे रेझिन चालत नाही. रात्री गारठा पडला, सकाळी ऊन चढलं, मी एसी लावला आणि टवक्याचा तडा झाला. तो माझ्या डोळ्यांदेखत पलीकडच्या टोकाकडे निघाला. अगदी सावकाश, त्याला कसलीच घाई नव्हती.

काच म्हणजे काच, असा माझा समज होता. फोनवरच्या मुलीने तो काढून टाकला. “सर, रेन सेन्सरवाली का? हीटरवाली का? अकूस्टिक? हेड-अप डिस्प्ले आहे?” एकाच मॉडेलच्या एकाच रंगाच्या दोन गाड्यांच्या काचा वेगवेगळ्या असू शकतात, हे मला तेव्हा कळलं. रेन सेन्सर काचेत तिरका इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. काच कोरडी असेल तर तो सगळा परत येतो, थेंब पडला की थोडा बाहेर निसटतो, त्यावरून वायपर सुरू होतात. हेड-अप डिस्प्ले म्हणजे वेगाचा आकडा समोरच्या काचेवरच उमटवायची सोय; तिच्या काचेतला मधला थर एका बाजूला किंचित जाड असतो, नाहीतर वेगाचा आकडा दोनदा दिसतो. हे सगळं ज्ञान मी पार्किंगमध्ये गुडघ्यांवर बसून, मोबाईलच्या उजेडात काचेच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचता वाचता मिळवलं. वॉचमनने दोनदा विचारलं, काही पडलंय का.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा थर घालायची कल्पना एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच माणसाची. १९०३ साली त्याच्या प्रयोगशाळेत काचेचा चंबू खाली पडला, तडकला, पण विखुरला नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा पापुद्रा वाळून बसला होता, असं सांगतात. पेटंट त्याने १९०९ मध्ये घेतलं. त्याच १९०३ साली अमेरिकेत मेरी अँडरसन या बाईंनी वायपरचं पेटंट मिळवलं. पुढे ते विकायला गेल्या तर याला धंद्याच्या दृष्टीने काही किंमत नाही, असं उत्तर आलं. त्यांना त्यातून काहीच मिळालं नाही. मोटारीच्या काचेच्या व्यवहारात पैसे नेहमी भलत्याच माणसाकडे जातात. याकडे मी पुन्हा येणार आहे.

तर काच आली. जुनी कापून काढली, नवी बसवली. ती बसते पॉलियुरेथेनच्या चिकट पट्ट्यावर आणि हा पट्टा हवेतला ओलावा पिऊन घट्ट होतो. तोवर गाडी हलवायची नाही, दारं आपटायची नाहीत, एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची. मला वाटलं, उगाच लाड. पण गाडी उलटली तर छत तोलून धरण्यात या काचेचा वाटा असतो, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना हिच्यावरच रेलते, हे ऐकल्यावर मी दार इतक्या हळू लावू लागलो की ते लागेचना.

मग ॲडव्हायझर म्हणाला, “आता फक्त कॅलिब्रेशन.” या ‘फक्त’वर माझा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही.

काचेमागचा कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे, पुढची गाडी, रस्ता ओलांडणारा माणूस हे सगळं बघतो आणि वेळ आली तर स्वतःच ब्रेक मारतो. काच काढली की त्यालाही काढावं लागतं. तो परत त्याच जागी बसवला तरी नजर केसभर सरकते. एका अंशाची चूक शंभर मीटरवर पावणेदोन मीटरची होते. म्हणजे शेजारच्या लेनमधून निमूट चाललेला भला माणूस गाडीला थेट आपल्या पुढ्यात दिसणार आणि मोकळ्या रस्त्यावर ती कचकन थांबणार. तेव्हा कॅमेऱ्याला त्याची नजर परत लावून द्यायची. गाडीपुढे ठरलेल्या अंतरावर काळ्यापांढऱ्या चौकटींचा बोर्ड उभा करायचा, ओळंबे आणि लेझर लावून मापं घ्यायची, लॅपटॉप जोडायचा आणि गाडीला म्हणायचं, बघ. जमीन सपाट हवी. टायरमध्ये हवा नेमकी हवी. उन्हाची तिरीप नको. काही गाड्यांना टाकीही भरलेली लागते. आणि गाडी एका बाजूला कललेली नको, म्हणून आत वजन नको.

“डिकी रिकामी करा,” टेक्निशियन म्हणाला.

वेटिंग रूम आणि कॅलिब्रेशनची जागा यांच्यामध्ये सर्व्हिस सेंटरने मोठ्या दिमाखात काचेची भिंत घातली आहे, ग्राहकाला पारदर्शक सेवा दिसावी म्हणून. त्या भिंतीला लागून एक लांब टेबल होतं. टेक्निशियन आणि त्याचा मदतनीस माझ्या डिकीतली एकेक वस्तू काढून त्यावर ओळीने मांडायला लागले. दोन छत्र्या: एक उघडत नाही, एक मिटत नाही. डिस्टेंपरचा अर्धा डबा. बॅडमिंटनचं नेट. रद्दी, जी मी कधीतरी विकणार आहे. वजनकाटा, जो मी कधीतरी वापरणार आहे. आणि ती चप्पल. चप्पल मदतनिसाने दोन बोटांत धरून सगळ्यांत पुढे ठेवली.

आजी तेव्हाच भिंतीच्या अलीकडे आल्या. मुलाची गाडी सर्व्हिसिंगला होती, मुलगा फोनवर होता. वेटिंग रूममध्ये एसी फार लागतो म्हणून त्या शाल पांघरून कॅलिब्रेशनच्या जागेतच खुर्ची ओढून बसल्या. मला आधी वाटलं, त्या तिथल्याच कुणीतरी आहेत. टेक्निशियनला वाटलं, त्या माझ्या आहेत.

“हे सगळं तुमचं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“दुसरी कुठाय?”

“दुसरी काय?”

“चप्पल.”

“हरवली.”

“मग ही कशाला ठेवलीत?”

“दुसरी सापडली तर...”

आजींनी चपलेकडे बराच वेळ बघितलं. “ज्याला ती सापडली असेल, तोही असाच घेऊन फिरत असेल बिचारा.”

मग त्यांची नजर वजनकाट्यावर गेली. “गाडीत वजन नको म्हणतायत आणि तुम्ही वजनकाटाच घेऊन हिंडताय होय?” काचेपलीकडे कुणीतरी हसलं. आजी उठल्या, काटा जमिनीवर ठेवायला लावला, चपला काढून त्यावर उभ्या राहिल्या, आकडा बघितला आणि “बिघडलाय” असा निर्णय दिला.

तोवर बोर्ड लागला होता. आजींनी तो एकदा बघितला, गाडी एकदा बघितली. “डोळे तपासताय का हिचे?”

टेक्निशियन म्हणाला, तसंच समजा.

“माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं गेल्या वर्षी. लेन्स बसवली आणि संध्याकाळी घरी. डॉक्टरांनी माझी पर्स रिकामी केली नव्हती.”

मला त्या क्षणी आजी अतिशय आवडल्या.

“आणि हिला वाचता येतं का?”

“वाचत नाही आजी, चौकटी ओळखते.”

“चुकली तर कोण सांगणार?”

“लॅपटॉप सांगतो.”

“आणि लॅपटॉपचे डोळे कोण तपासतं?”

टेक्निशियनने उत्तर दिलं नाही. लॅपटॉपवर लाल पट्टी आली होती. कॅलिब्रेशन फेल. त्याने ओळंबा पुन्हा सोडला, टेप पुन्हा लावली, टायरची हवा पुन्हा बघितली. पुन्हा लाल. दिवे कमी केले. लाल. “गाडीत अजून काही वजन आहे?” असं त्याने विचारलं आणि विचारताना माझ्या पोटाकडे बघितलं, हे मी पाहिलं. मी गाडीत नव्हतो. मी टेबलाशी माझ्या वस्तूंजवळ उभा होतो, त्यांना सोडून जाववत नव्हतं.

मग तो एकदम थांबला आणि हळूच आजींकडे वळला. आजींची खुर्ची बोर्डाच्या थोडी मागे, डाव्या अंगाला होती. आजींची शाल काळ्यापांढऱ्या चौकटींची होती.

“आजी, ती शाल जरा काढता का?”

“का रे?”

“चौकटी आहेत. कॅमेऱ्याचा गोंधळ होतोय. त्याला बोर्ड कुठला आणि तुम्ही कुठल्या, हे समजत नाहीये.”

आजी ताठ बसल्या. “म्हणजे उद्या मी ही शाल घेऊन रस्त्यावर निघाले, तर याची गाडी माझ्यावर नेम धरणार?”

“नाही हो आजी. उलट तुम्ही समोर आलात तर ती थांबेल. त्यासाठीच तर चाललंय हे.”

“आत्ता ओळखत नाही म्हणालास.”

“आत्ता नजर लावायचीय ना अजून.”

“म्हणजे शाल काढली की मी माणूस. असं.” त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. “तुम्ही स्वतः बघून चालवत नाही का?”

चालवतो, म्हणालो. वीस वर्षं स्वतःच बघून चालवतोय. लायसन्स काढताना एकदा समोरचा तक्ता वाचून दाखवला, त्यानंतर माझे डोळे कुणी विचारलेले नाहीत. कुठल्या बाजूला किती कलतो, टाकी भरलेली आहे की रिकामी, कुणाला पडलेली नाही. गाडीच्या एवढ्याशा कॅमेऱ्यासाठी मात्र लेझर, ओळंबा, सपाट जमीन. हे बोलताना माझा आवाज चढला असावा, कारण मदतनिसाने चप्पल उचलून टेबलाखाली ठेवली.

आजींनी शाल काढली, घडी केली आणि ठेवायला जागा नव्हती म्हणून माझ्या हातात दिली. पट्टी हिरवी झाली. काचेपलीकडे दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग टेक्निशियन लॅपटॉप घेऊन गाडी रस्त्यावर काढून गेला. या गाडीला बोर्ड पुरत नाही, ठरावीक वेगात खऱ्या रस्त्यावरून चालवून पट्टेही ओळखवावे लागतात. बराच वेळ झाला तरी येईना. आल्यावर म्हणाला, पट्टे सापडत नव्हते. गाडी उत्तम बघत होती, रस्त्यावर रंगच नव्हता.

इथवर मी हसून घेतलं असतं. हसू गेलं ते बिल बघून.

काच विम्यात बसली. कॅलिब्रेशन बसलं नाही. विमा कंपनीचं म्हणणं असं, की फुटली ती काच, कॅमेरा फुटलेला नाही. मी म्हटलं, काच बदलली की कॅमेऱ्याची नजर लावावी लागते, हे गाडी बनवणारेच सांगतात. ते म्हणाले, म्हणजे कॅमेऱ्याचं नुकसान झालेलं नाही. मी म्हटलं, नाही, पण नजर न लावता गाडी चालवली तर माझं होईल. ते म्हणाले, ते झाल्यावर वेगळा क्लेम करा. ही गंमत नाही, फोनवरच्या माणसाने हे सौजन्याने, ‘सर’ म्हणून सांगितलं.

गाडी विकताना याच कॅमेऱ्याचं केवढं कौतुक चाललं होतं. शोरूममधला मुलगा त्याच्यावर अर्धा तास बोलला. हा कॅमेरा एका काचेतून बघतो, त्या काचेवर खडे उडतात आणि खडा उडाला की काचेबरोबर या अर्ध्या तासाचंही बिल येतं, हे बोलायला त्याला वेळ उरला नाही. बरं, हा माझ्या एकट्याचा भोग असता तर मी गप्प बसलो असतो. युरोपीय संघात तर जुलै २०२४ पासून नव्या मोटारीत आपोआप ब्रेक लागणं आणि लेन सांभाळणं सक्तीचं झालंय. चांगलंच आहे, माणसं वाचतील. पण जेवढे कॅमेरे तेवढ्या काचा, आणि डंपरना अजून कुणी कसली सक्ती केलेली नाही.

मी विमा कंपनीला लेखी तक्रार केली. उत्तर आलं आहे. कॅमेऱ्याची नजर सरकली होती हे स्पष्ट दिसेल असा फोटो जोडा, म्हणतात. मी कॅमेऱ्याचा फोटो पाठवला. ते म्हणाले, यात कॅमेरा नीट दिसतोय. मी लिहिलं, नीट आहे, कारण काम झालंय. ते म्हणाले, मग कामाच्या आधीचा पाठवा. कामाच्या आधीचा माझ्याकडे एकच फोटो आहे. त्यात तडा गेलेली काच आहे, आणि नेमका कॅमेऱ्यासमोरच टवका असल्यामुळे मागचं काही दिसत नाही.