मंगळावरचे किरण आणि डब्यातला मोबाईल

सातवीतल्या एका मुलीने परवा विचारलं, "सर, मोबाईल स्टीलच्या डब्यात ठेवला तर किरण आत शिरतात का?" एका मेसेजमुळे आदल्या रात्री तिच्या घरचे सगळे फोन बंद करून डब्यात घातले होते. आजी गावी एकटी असते. तिला रात्री काही झालं असतं तर फोन लागला नसता, म्हणून हे लिहायला बसलो.

तो मेसेज तुम्हीही वाचला असेल. मजकूर साधारण असा: आज रात्री 12:30 ते 3:30 मंगळावरून येणारे कॉस्मिक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाईल बंद करा, उशाशी ठेवू नका, शरीराला धोका आहे, नासा आणि बीबीसीने सांगितलंय, सर्वांना पाठवा. कित्येक वर्षं हा फिरतो आहे. त्यात तारीख कधीच नसते, फक्त 'आज रात्री'. खरी बातमी अशी नसते, त्यामुळे नासा-बीबीसीच्या नावावर जास्त शब्द खर्च करत नाही.

आधी 'कॉस्मिक किरण'. मराठीत वैश्विक किरण. नावात किरण असले तरी ते प्रकाशासारखी लहर नाहीत. 1912 साली व्हिक्टर हेस हे शास्त्रज्ञ उपकरणं घेऊन फुग्यातून पाच किलोमीटरच्या वर गेले, तेव्हा त्यांना दिसलं की वर जावं तसे हे किरण वाढतात, म्हणजे ते जमिनीतून नव्हे, आकाशातून येतायत. पुढे कळलं की हे बहुतांशी प्रोटॉन, म्हणजे कण आहेत. म्हणूनच रेडिओ लहरींपासून गॅमा किरणांपर्यंतच्या विद्युतचुंबकीय वर्णपटात त्यांना जागा नाही. हे कण वरच्या हवेवर आदळतात आणि त्यातून म्युऑन नावाचे कण खाली येतात. तळहात आडवा धरा: साधारण सेकंदाला एक म्युऑन त्यातून आरपार जातो. आत्ता, दुपारी, फोन चालू असो वा बंद.

'मंगळावरून' हेही चूक. वैश्विक किरण सूर्याकडून आणि मुख्यतः सूर्यमालेच्या बाहेरून, तारे फुटतात अशा ठिकाणांहून येतात. मंगळावर ते स्वतःच आदळत असतात. मंगळाकडून आपल्याकडे लहरी येतात त्या दोन प्रकारच्या: त्याचा स्वतःचा थोडा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश आणि त्याच्यावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश. मंगळ तांबूस ठिपका दिसतो तो या दुसऱ्यामुळे. 2014 मध्ये आपलं मंगळयान तिथे पोहोचलं, तेव्हा त्याच्या रेडिओ लहरीही आल्या. त्या पकडायला बंगळुरूजवळ ब्यालालूला 32 मीटर व्यासाची तबकडी, म्हणजे डिश अँटेना लागली, इतक्या त्या क्षीण.

आणि 12:30 कुठले? पुण्यात रात्रीचे साडेबारा वाजतात तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळ असते. पृथ्वीच्या जवळून जाणारी गोष्ट घड्याळ बघून येत नाही.

आता मोबाईल. दोरीचं एक टोक दाराच्या कडीला बांधा आणि दुसरं हलवा. हात सावकाश हलवला की लहरी लांब, भराभर हलवला की आखूड आणि दाट. सेकंदाला जितक्या लहरी ती वारंवारता, एका लहरीची लांबी ती तरंगलांबी. प्रकाशाच्या कुळातल्या सगळ्या लहरींचा निर्वातातला वेग एकच, सेकंदाला जवळजवळ 3 लाख किलोमीटर, म्हणून वारंवारता वाढली की तरंगलांबी घटते. 900 मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 90 कोटी वारंवारतेच्या मोबाईल लहरीची लांबी 33 सेंटीमीटर, तुमच्या फूटपट्टीहून जराशी मोठी. हिरव्या प्रकाशाच्या शंभराहून अधिक लहरी एका केसाच्या जाडीत मावतात.

धोक्याचा विचार इथून सुरू होतो. लहरीची ऊर्जा छोट्या छोट्या पुड्यांनी येते आणि वारंवारता जास्त तशी पुडी मोठी. हिरव्या प्रकाशाची एक पुडी मोबाईल लहरीच्या पुडीच्या सुमारे सहा लाख पट असते. शरीरातल्या रेणूंतून इलेक्ट्रॉन उडवायला त्याहूनही मोठी पुडी लागते, ती अतिनीलच्या वरच्या टोकाकडे, क्ष-किरणांत आणि गॅमा किरणांत मिळते. मोबाईलची लहर फार तर थोडी ऊब देते. आणि फोन आकाशातले कण स्वतःकडे ओढत नाही. दोन टॉर्चचे झोत अंधारात एकमेकांवर सोडा, दोन्ही एकमेकांतून सरळ निघून जातात. लहर लहरीला खेचत नाही, मग कणाला कुठून खेचणार?

डब्याचं आम्ही वर्गात करून पाहिलं. झाकण लावलेल्या डब्यात फोन वाजला. मुलांना नवल वाटलं, पण झाकणाच्या फटीतून लहर आत जाते. मग ॲल्युमिनियम फॉईलचे तीन पदर घट्ट गुंडाळले, तेव्हा 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' ऐकू आलं. त्या मुलीला उत्तर मिळालं: धातू आजीचा फोन अडवतो, म्युऑनला नाही. तो फॉईल, डबा, ओटा आणि खालची फरशी सगळं पार करून जातो.

फोन खरोखर बंद करावा अशी एक जागा महाराष्ट्रातच आहे. नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आकाशातल्या अतिक्षीण रेडिओ लहरी ऐकते. आकाशातल्या हायड्रोजन वायूकडून येणारी 21 सेंटीमीटरची लहरही त्यात आली. मोबाईलच्या लहरी त्याच पट्ट्यात पडतात, म्हणून तिथे फोन बंद ठेवायला सांगतात. आकाशापासून आपल्याला जपायला नव्हे, आपल्या फोनपासून दुर्बिणीला जपायला. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे शाळांसाठी प्रदर्शन असतं. त्या मुलीला यंदा नेणार आहे.