एमएसकॉन्फिगमधली ती टिक आधी काढा

तासगावला माझ्या मामेभावाचा फोटो स्टुडिओ आहे. मंगळवारी रात्री अकरा वाजता त्याचा फोन आला, "ताई, मशीन पार बसलंय गं. सकाळी पार्टी पेनड्राइव्ह न्यायला येणार आहे." दीड तासाचा लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट होऊन, म्हणजे एडिटिंगनंतरची तयार फाइल बनून, एरवी 2 तासांत निघायचा, आता 6 तास दाखवत होता. मधे काय केलंस म्हणून विचारलं, तर त्याने फोटोग्राफरांच्या ग्रुपवरचा मेसेज पुढे पाठवला : ‘एक्स्पोर्ट स्लो? हे 5 उपाय करा, स्पीड 10 पट. मायक्रोसॉफ्ट हे लपवून ठेवतं.’ हाच मेसेज सांगली-मिरजेतल्या तिघांनी मलाही पाठवला होता.

सगळ्यात घातक उपाय पहिलाच आहे. एमएसकॉन्फिग (विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवणारा विंडोजमधलाच प्रोग्रॅम) उघडा, बूटच्या अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये प्रोसेसरचा सगळ्यात मोठा आकडा निवडा, मॅक्सिमम मेमरीवर टिक करून 4096 (एमबी, म्हणजे 4 जीबी) टाका. लपवलेलं काहीच नाही हो! विंडोज सुरू होतानाच्या सेटिंग बदलणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या बीसीडीएडिट या कमांडच्या माहितीत सरळ लिहिलंय : न्युमप्रोक म्हणजे फक्त दिलेल्या आकड्याइतकेच प्रोसेसर वापरायचे आणि ट्रंकेटमेमरी म्हणजे विंडोजला मिळणाऱ्या रॅमवर मर्यादा घालायची. एमएसकॉन्फिगमधल्या त्या दोन टिका म्हणजे हेच. टिक नसताना विंडोज प्रोसेसरचे सगळे कोर (आतले काम करणारे भाग) वापरतंच, त्यामुळे मोठा आकडा निवडून काडीचा फायदा नाही. मेमरीची टिक मात्र मशीनचा गळा आवळते.

त्याला टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडायला लावलं. रॅम 16 जीबी, आणि खाली ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’पुढे, म्हणजे विंडोजला वापरता न येणारी, 12 जीबी. चार जीबीत विंडोज, प्रीमियर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर आणि फोरके फुटेज कोंबलेलं. उरलेलं सगळं डिस्कवर ये-जा करत होतं. रॅमची पट्टी गेली असं समजून तो सकाळी नवीन घ्यायला निघणार होता.

दुसरा उपाय टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्रॅमची प्रायॉरिटी ‘रिअलटाइम’, म्हणजे सगळ्यात वरची, करण्याचा. याने माउस अडकतो, डिस्कचं कामही तुंबू शकतं. करू नका. तिसरा, टेम्प (तात्पुरत्या फाइलींचं) आणि प्रीफेच ही विंडोजची फोल्डर रिकामी करण्याचा. यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते : सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर कॅशला (एडिटिंग करताना बनणाऱ्या तात्पुरत्या फाइलींना) जागा मिळत नाही, तेव्हा टेम्प साफ करून फरक पडतो. प्रीफेच मात्र प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून असतं, एक्स्पोर्टशी त्याचा संबंध नाही. चौथा, रॅम दुप्पट करा. एक्स्पोर्ट चालू असताना रॅम भरत असेल तरच पैसे घाला.

पाचवा, बिटरेट (व्हिडिओच्या दर सेकंदाला वापरला जाणारा डेटा) निम्मा करा. याने फाइल लहान होते, वेळ फारसा वाचत नाही. आणि अक्षता पडतात तो क्षण बघा : शेकडो दाणे एकदम हलतात, कमी बिटरेटवर तिथे नवरा-नवरीच्या तोंडावर चौकोन उमटतात. पार्टी नेमका तोच भाग परत परत बघते.

मग मूळचे 2 तास तरी का लागत होते? त्याच्या एक्स्पोर्टमध्ये ‘सॉफ्टवेअर एन्कोडिंग’ निवडलेलं होतं, म्हणजे व्हिडिओ दाबून फाइल बनवण्याचं सगळं काम एकट्या प्रोसेसरवर. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये 2011पासून याच कामासाठीचा क्विक सिंक हा खास भाग आहे (नावात शेवटी एफ असलेल्यांत नाही, कारण त्यांत ग्राफिक्सच नसतं), एनव्हिडियाच्या बहुतेक ग्राफिक्स कार्डांत 2012पासून तसाच एनव्हीएन्क. ‘हार्डवेअर एन्कोडिंग’ निवडलं की ते काम यांच्याकडे जातं. शिवाय त्याची हार्ड डिस्क मागच्या जुन्या यूएसबी 2 पोर्टला लावलेली होती. तिथून सेकंदाला जेमतेम 40 एमबी येतात. निळ्या, म्हणजे जास्त वेगाच्या यूएसबी 3 पोर्टला लावायला सांगितली. हळदीच्या रात्रीच्या शॉटवर नॉइज (अंधारात चित्रात येणारे ठिपके) काढण्याचा इफेक्ट होता, तो भाग तेवढा रेंगाळणारच. तिथे वेळ फ्रेम तयार करण्यात जातो, एन्कोडिंगमध्ये नाही.

टिक काढून मशीन रीस्टार्ट केलं, हे दोन बदल केले आणि पाऊण तासात व्हिडिओ बाहेर पडला.

मेसेज अजून फिरतोय. तो उपाय करून बसला असाल, तर आज त्या दोन्ही टिका काढा आणि रीस्टार्ट करा. आकडा फारच लहान टाकल्यामुळे विंडोज सुरूच होत नसेल, तर रिकव्हरीतल्या कमांड प्रॉम्प्टवरून बीसीडीएडिटने ट्रंकेटमेमरीची नोंद काढता येते. कुणी ‘फॉरमॅट मारू’ म्हणालं तर हात धरा, डेस्कटॉपवर कुणाच्या तरी लग्नाचं फुटेज पडलेलं असतं.