"होय, मीच मारलं!" म्हटल्यावर केस संपत नाही

काल विश्रामबागला मित्राच्या घरी एक क्राइम थ्रिलर बघितला. दोन तास खुर्चीवरून हललो नाही. आणि शेवट? इन्स्पेक्टर दोन टोमणे मारतो, खुनी चिडून ओरडतो, "होय, मीच मारलं!" पुढच्या शॉटला बेड्या. खूप वाईट वाटलं.

अहो, पोलिसांपुढची कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात ते कलम २३ झालं. मारून-झोडून कुणाकडूनही काहीही वदवून घेता येतं, म्हणून ही तरतूद.

मग पुरावा गोळा कसा होतो? काही वर्षांपूर्वी मी एका खटल्यात पंच, म्हणजे पोलिसांच्या कारवाईचा तटस्थ साक्षीदार, होतो. आरोपी आम्हा दोघा पंचांसमोर म्हणाला, "कोयता लपवलेली जागा दाखवतो." त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिले, सह्या झाल्या आणि सगळे जीपमध्ये बसलो. रस्ता तो सांगणार. मिरजेच्या पुढं एका बांधावर गाडी थांबली. तो पुढं, आम्ही मागं. उसाच्या सरीत पाचटाखाली त्यानं हात घातला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. असा प्रसंग एकाही सिनेमात का दिसत नाही? कोयता कागदात गुंडाळला, दोरा, लाखेचं सील, लेबलवर पुन्हा आमच्या सह्या. सिनेमातला हिरो तोच कोयता रुमालात धरून खिशात घालतो!

योगायोग मी माफ करतो. खुनी आणि इन्स्पेक्टर एकाच एसटीत शेजारी बसले, बसू देत, गोष्ट तिथून सुरू होते. पण गुंता सोडवायलाही योगायोगच, किंवा एका रात्रीत आलेला डीएनए रिपोर्ट, नाहीतर नाकाला क्लोरोफॉर्मचा रुमाल लावला की दोन सेकंदांत बेशुद्ध (प्रत्यक्षात काही मिनिटं लागतात), हे नाही चालत. मग आम्ही दोन तास डोकं कशाला लावलं?

मित्र म्हणाला, "सिनेमा आहे, सोड की." कसं सोडू? कायद्याची अडचण खरी ठेवली तर लेखकाला जास्त चांगली गोष्ट सुचेल, असं मला मनापासून वाटतं. खुनी कोण हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण सिद्ध कसं करायचं, यात केवढा ताण आहे!

त्या खटल्यात उलटतपासणीला बचावाच्या वकिलांनी मला शांतपणे विचारलं होतं, "शेताला कुंपण होतं का?" नव्हतं. "म्हणजे तिथं कुणीही जाऊ शकत होतं?" मी "हो" म्हणालो, आणि कोर्टात एकदम शांतता पसरली.