झपाटलेल्या माणसाला माणसात आणण्याचे खात्रीशीर उपाय

आपल्या घरात किंवा ऑफिसात एखादं माणूस अचानक एकाच कादंबरीबद्दल आणि एकाच मेलेल्या गायकाबद्दल बोलायला लागलं, तर घाबरू नका. वेळेवर उपचार केले तर गुण येतो. गेले चार महिने हे उपचार माझ्यावरच चालू आहेत, तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा. लक्षणं: उशाशी ‘कोसला’, कानात मायकल जॅक्सन, गॅसवर उतू गेलेलं दूध. वय पंचेचाळीस. वय मुद्दाम सांगितलं, कारण सोळाव्या वर्षी हे सगळं माफ असतं. पंचेचाळिसाव्या वर्षी बाईने भिशी लावावी, गुडघ्यांना तेल लावावं, फार तर बाल्कनीत कोथिंबीर लावावी.

तर पहिला उपाय. ‘शेवटी काय होतं?’ असं विचारा. ‘कोसला’ वाचणारा या प्रश्नावर हमखास गप्प होतो, कारण सांगणार काय? पांडुरंग सांगवीकर नावाचा खानदेशातला मुलगा पुण्याला शिकायला जातो, मेसचा सेक्रेटरी होऊन बापाचे पैसे घालवतो आणि हात हलवत गावी परत येतो. एवढंच. समोरचा गप्प झाला की लगेच म्हणा, ‘मग त्यात काय एवढं?’ हे वाक्य मराठी माणसाने कशाहीबद्दल म्हणावं, ते कधी वाया जात नाही.

माझ्या आईने मात्र कमाल केली. मी मोठ्या कौतुकाने तिला सांगत होते, की नेमाडे तेव्हा अवघे पंचविशीचे होते आणि १९६३ साली त्यांनी ही अख्खी कादंबरी दोन-अडीच आठवड्यांत लिहून काढली. आई गवार मोडता मोडता म्हणाली, “त्याने अडीच आठवड्यांत लिहिली आणि तुला वाचायला चार महिने?” घरात अशी आई असेल तर पुढचे उपाय वाचायची गरज नाही.

दुसरा उपाय: पुस्तक वाचायला मागून न्या. परत देऊ नका.

तिसरा: ‘जरा पॉझिटिव्ह वाचत जा गं’ म्हणा. पहाटे पाचला उठून कोट्यधीश कसं व्हावं, सात सवयी, नऊ नियम, असलं काहीतरी हातात द्या. ज्या माणसाची धाकटी बहीण मनी गेल्याची पानं वाचून झोप उडाली आहे, त्याला नऊ नियमांनी नक्की झोप लागेल.

गायकाच्या बाबतीत आपल्याकडे उपाय जास्त आहेत, कारण त्याच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं. लग्नकार्यात झपाटलेल्या बाईला मध्ये ओढा आणि ‘मूनवॉक कर, मूनवॉक कर’ म्हणून टाळ्या वाजवा. साडीतच. पायात जोडवी असतील तर उत्तमच.

मग १९९६चा विषय काढा. १ नोव्हेंबरला अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये त्याचा कार्यक्रम झाला, विमानतळावर नऊवारीतल्या सोनाली बेंद्रेने त्याचं स्वागत केलं, तो मातोश्रीवर जाऊन आला, हे सगळं खरं. पण त्या मैदानात जितकी माणसं मावतील त्याहून जास्त माणसं मला आजवर ‘मी होतो तिथे’ म्हणून भेटली आहेत. आमच्या ऑफिसातले एक साहेब तर पुढून तिसऱ्या रांगेत होते. हिशेब केला तेव्हा ते पाचवीत होते, अकोल्याला. तुम्हीही सांगा. कोण तिकीट बघायला येतंय?

डब्याच्या वेळी झपाटलेलं माणूस सांगायला लागेल, की तो पुढे झुकायचा ना, पंचेचाळीस अंशात, पाय न उचलता, त्यासाठी त्याने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी खास बूट तयार केले होते. टाचेत खाच, स्टेजमधून वर येणारा खिळा, खाच त्यात अडकवायची. १९९३मध्ये त्याचं अमेरिकन पेटंटही मिळालं. हे ऐकताना तुम्ही लोणच्याची बाटली मागा.

(खरं सांगायचं तर, ही कादंबरी आणि हा माणूस माझ्या डोक्यात एकाच वेळी का घुसले, ते मलाही उशिरा कळलं. एक सांगवीचा, दुसरा अमेरिकेतल्या गॅरी गावचा, तिथे दोन बेडरूमच्या घरात नऊ भावंडं. दोघांच्याही घरात बाप भरून उरलेला. एकाचा बाप पैशांचे हिशेब मागणारा, दुसऱ्याचा तालमीत पट्टा घेऊन बसणारा. पण हे कोणाला सांगू? लोणचं घ्या.)

आता रामबाण उपाय. कितवा झाला ते विसरले. हा कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर करायचा असतो, सकाळी सहा ते साडेसहाच्या दरम्यान, गुलाबाच्या फुलानंतर. तो मेसेज तुम्हाला आलेला आहेच. तुम्ही पुढेही पाठवलेला आहे. ‘मायकल जॅक्सनला १५० वर्षं जगायचं होतं!’ घरात बारा डॉक्टर, केसांपासून नखांपर्यंत रोज तपासणी, जेवण आधी प्रयोगशाळेत, झोपायला ऑक्सिजनचा पलंग, अवयव द्यायला माणसं तयार. आणि तरी पन्नासाव्या वर्षी गेला! खाली हात जोडलेले, दिवा लावलेला, आणि तात्पर्य असं, की मृत्यूला आव्हान देऊ नका, साधं जगा.

मला हा मेसेज चार महिन्यांत अकरा वेळा आला. दोनदा एकाच काकांकडून.

काका, बारा डॉक्टर नव्हते हो. एक होता. लंडनमध्ये पन्नास कार्यक्रम ठरले होते आणि या माणसाला झोप येत नव्हती. म्हणून त्या एका डॉक्टरने घरच्या पलंगावर त्याला प्रोपोफॉल दिलं, जे ऑपरेशन थिएटरात भूल देताना वापरतात, शेजारी यंत्रं आणि माणसं ठेवून. २५ जून २००९ला तो गेला. २०११मध्ये ज्यूरीने त्या डॉक्टरला सदोष मनुष्यवधाखाली दोषी धरलं, चार वर्षांची शिक्षा झाली. तुमच्या मेसेजमधला १५० हा आकडा मात्र मला सापडला: त्या डॉक्टरची ठरलेली फी, महिन्याला दीड लाख डॉलर. वर्षं नव्हेत, हजार डॉलर! कायम जगायला निघालेला माणूस नव्हता तो. एक रात्र झोपू द्या म्हणणारा होता. आपल्या घरात रात्री दोन वाजता हॉलमध्ये येरझाऱ्या घालणारं माणूस तुम्ही पाहिलं नाहीत का? आणि १९८४ला जाहिरातीच्या चित्रीकरणात त्याचं डोकं जळलं, तेव्हापासून वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या, ते नाही का कोणी फुलं-दिवे लावून पाठवत? त्याचं तात्पर्य निघत नाही ना!

हे मी ग्रुपवर लिहिलं. अंगठा आला एक. मग पुन्हा गुलाब.

शांत होते. उपाय सांगायचे आहेत मला. तर पुढचा उपाय म्हणजे ‘सर्जरी करून गोरा झाला’ असं म्हणा.

परवाच्या रविवारी पुतण्याच्या साखरपुड्यात हा उपाय झाला. पंगत बसली होती. कोणीतरी तोच मेसेज मोठ्याने वाचून दाखवला, माझी फिरकी घ्यायला. दुसऱ्याने जोड दिली, “देवाने दिलेला रंग नको होता त्याला. कातडी बदलली. भोगलंन शेवटी.” सगळे हसले. माझ्या शेजारी आत्या होती. (आत्याला विचारूनच लिहिते आहे.) आत्या १९५८ची, त्याच्याच वयाची. ऐन उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं. तासाभरापूर्वी फोटोग्राफरच्या शेजारी उभं राहून आमच्याच घरातली एक सून तिला म्हणाली होती, “आत्या, तुम्ही जरा त्या बाजूला बसता का? लाइट बरोबर येत नाहीये.” आत्या बसली त्या बाजूला. तिला सवय आहे. आत्याला कोड आहे.

त्यालाही कोडच होतं. १९९३च्या फेब्रुवारीत टीव्हीवरच्या मुलाखतीत त्याने सगळ्या जगासमोर सांगितलं, की हा त्वचेचा आजार आहे, रंग जातो, माझ्या हातात काही नाही. कोणी विश्वास ठेवला नाही. गेल्यावर शवविच्छेदनात तेच निघालं. शरीर आपल्याच रंगाच्या पेशी मारतं. संसर्ग नाही, पाप नाही, मासे खाऊन वर दूध प्यायल्याने तर मुळीच नाही. डाग फार पसरले की उरलेला रंगही मलमाने फिकट करून अंग एकसारखं करतात, तो उपचार आहे, हौस नाही. आणि हे तुम्हाला सांगायला मी लागते? तुम्हाला? ज्यांच्या घरात स्थळ आलं की आत्याला नाशिकला पाठवत होते? पत्रिका जुळायची, गुण जुळायचे, मग कोणीतरी कानाशी लागायचं आणि निरोप यायचा. असं किती वेळा झालं ते तिने मोजलेलं आहे. तुम्ही नाही मोजलंत.

त्याच्याबद्दल विचारायचंच असेल तर विचारण्यासारखं आहे हो. मुलांच्या बाबतीत त्याच्यावर गंभीर आरोप झाले. २००५मध्ये कोर्टाने त्याला सगळ्या आरोपांतून निर्दोष सोडलं. २०१९मध्ये दोन मोठी झालेली माणसं कॅमेऱ्यासमोर बसून पुन्हा बोलली. त्याचं गाणं ऐकताना ते माझ्या मनातून जात नाही, आणि जाऊही नये. हा प्रश्न तुम्ही विचारलात तर मी रात्रभर बसेन तुमच्याशी. पण अकरा मेसेजमध्ये, एवढ्या पंगतीत, एकानेही तो विचारला नाही. तुम्हाला तेवढं कष्टाचं नको असतं. तुम्हाला आयतं तात्पर्य लागतं, आणि ते चुकलेल्या माणसाचं, म्हणजे आपण बरोबर आहोत असं वाटतं.

परतताना रिक्षात आत्याने हळूच विचारलं, “त्याला कधी सुरू झालं गं?” चार महिन्यांत त्याच्याबद्दल कोणी मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. मी म्हटलं, ‘थ्रिलर’ या अल्बमच्या आगेमागे, असं त्यानेच सांगितलंय. चोविशीत असेल. ऐन भरात.

“म्हणजे माझ्या बरोबरीनेच,” ती म्हणाली, आणि बाह्या वर करून बसली. वारा लागत होता.

तर आता सरळ सांगते. तो मेसेज मला पुन्हा पाठवू नका. पाठवलात तर ग्रुपवर मी आत्याला विचारून, नाव न गाळता, ‘लाइट’ची गोष्ट लिहीन. पुढच्या कार्यात आत्या पहिल्या ओळीत उभी राहील, मधोमध, आणि ज्याचा लाइट बिघडेल त्याने बाजूला बसावं. लाज नावाची गोष्ट घरात शिल्लक असेल तर काढा बाहेर, फार दिवस माळ्यावर पडली आहे.

आणि ज्या कोणी माझं ‘कोसला’ मे महिन्यात ‘दोन दिवसांत देते’ म्हणून नेलंय, तिने ते आणून द्यावं. आमटीचे डाग पडलेत म्हणे. असू देत. डाग पडले म्हणून लपवून ठेवू नका.