‘आमच्या वाड्यात कुणाला काही झालं नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घरातली ओल आणि भिंतीवरची काळी बुरशी यांवरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. नाशिकच्या पंचवटीतल्या तुमच्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या ओल होती, तरी कुणाला दमा झाला नाही. ‘काळी बुरशी, काळी बुरशी करून लोकांना घाबरवण्यापेक्षा चांगला रंग सुचवा,’ असं तुम्ही लिहिलंत.

माझी चूक आधी कबूल करतो. शीर्षकात ‘काळी बुरशी’ लिहिल्यावर २०२१ चा, कोविडनंतर पसरलेला म्युकरमायकोसिसच डोळ्यांपुढे येणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तो आजार वेगळा. त्यामागे आटोक्यात नसलेली साखर आणि स्टेरॉइड्स होती, भिंतीवरचा डाग नव्हे. शीर्षक बदलतो.

वाड्याचं मात्र पटत नाही. गंगेचं, म्हणजे गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर चढलं की तळमजले भिजायचे, खरंय. पण त्या भिंती माती-विटांच्या, वर चुन्याचा गिलावा, मधे उघडा चौक. भिजलेली भिंत वाळायचीसुद्धा. आताच्या फ्लॅटमध्ये सिमेंटवर पुट्टी, पुट्टीवर ऑइल पेंट, सरकत्या खिडक्या पावसाळाभर बंद आणि हॉलमध्ये दोरीवर ओले कपडे. ओल जाणार कुठे? आणि ‘कुणाला काही झालं नाही’ म्हणताना जरा आठवून बघा. आमच्याकडे आजोबा रात्र रात्र खोकायचे. त्याला आम्ही ‘वयाचा खोकला’ म्हणायचो.

बुरशीचे बीजाणू हवेत असतातच. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा शिंका नि चोंदलेलं नाक, कधी तेवढंही नाही. खरा त्रास दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना. ओलसर घरात श्वसनाचे त्रास आणि दमा वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच सांगितलंय. इंग्लंडमधल्या रॉचडेलला अवाब इशाक हे दोन वर्षांचं पोर डिसेंबर २०२० मध्ये गेलं. घरातल्या बुरशीमुळे झालेला श्वसनविकार हेच कारण तिथल्या चौकशीत २०२२ मध्ये नोंदवलं गेलं.

ते विलायतेतलं म्हणाल, तर आपल्याकडचं घ्या. फुफ्फुसं कडक करणाऱ्या आजारांच्या १,०८४ भारतीय रुग्णांची नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळपास निम्म्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस निघाला, म्हणजे श्वासातून गेलेल्या कणांवर फुफ्फुसांनी धरलेला राग. आणि त्यातल्या अर्ध्याअधिक नाही, पण अर्ध्याच्या जवळपास लोकांचा एअर कूलरशी संबंध होता. कूलरच दोषी, असं यातून सिद्ध होत नाही. पण एप्रिलचं ऊन लागलं की माळ्यावरचा कूलर काढून गेल्या वर्षीचीच गवताची पॅड ओली करणारे आपण सगळेच आहोत. मीही दोन वर्षं तेच केलं. आता दर उन्हाळ्यात पॅड नवी, आणि टाकी रिकामी करून घासतो.

राहिला रंग. तुमच्या बेडरूमच्या भिंतीवर वरच्या बाथरूमची गळती आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मग आत्ता कोणताच रंग नको. आधी वरच्यांशी बोलून गळती काढा. फुगलेला गिलावा पाडा. पाडताना मास्क लावा, घरात कुणाला दमा असेल तर त्यांना दुसरीकडे पाठवा. भिंत पूर्ण सुकू द्या, पावसाळ्यात याला महिने लागतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. दिवाळीनंतर भिंत कोरडी राहिली, तर रंगाचं विचारा.